जर्मन, व्हाया इंग्रजी

संपादकांनी यंदाचा विषय कळवला: ‘शब्द आणि सत्ता’. अशा विषयावर लिहायचे तर विधानभवन, वृत्तवाहिन्या, फार तर न्यायालय, एवढ्याच वाटा चटकन सुचतात. मी कोथरूडला गेलो. तिथे एका जुन्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई जर्मनचे इंग्रजी करतात. हौस म्हणून नव्हे, पोटापाण्यासाठी. पुण्यात हा व्यवसाय चांगला रुजला आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाही तर मॅक्स म्युलर भवनात भाषा शिकायची, एकामागून एक परीक्षा द्यायच्या आणि मग चाकण-पिंपरीच्या जर्मन कंपन्यांची किंवा थेट जर्मनीतल्या एजन्सींची कामे धरायची. मशीनची माहितीपत्रके, ऑडिटचे अहवाल, करारनामे, एचआरची परिपत्रके असा सगळा माल.

आपले काम तांत्रिक आहे, राजकारणाशी त्याचा काही संबंध नाही, हे बाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकले. पडद्यावर दोन रकाने उघडे होते, डावीकडे जर्मन आणि उजवीकडे इंग्रजी. या सॉफ्टवेअरला जुनी भाषांतरे आठवतात; शब्द आला की मागच्या वेळी तो कसा केला होता हे ते स्वतःहून सुचवते. डावीकडच्या पहिल्याच वाक्यात ‘आर्बाइटगेबर’ होता. उजवीकडे ‘एम्प्लॉयर’ आपोआप उमटला. बाईंनी एंटर मारला आणि त्या पुढे सरकल्या. मी मात्र त्या एंटरपाशीच अडकलो.

काम देणारा, काम घेणारा

आर्बाइटगेबर म्हणजे काम देणारा आणि आर्बाइटनेमर म्हणजे काम घेणारा. जर्मन कायद्यात, वर्तमानपत्रांत, अगदी कामगार संघटनांच्या पत्रकांतही हीच जोडी चालते. एंगल्सला ती अजिबात मंजूर नव्हती. ‘कॅपिटल’च्या तिसऱ्या जर्मन आवृत्तीला १८८३ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने या शब्दांची टर उडवली आहे. पैसे मोजून दुसऱ्याचे श्रम जो घेतो तो ‘देणारा’ कसा, आणि आपले श्रम जो देतो तो ‘घेणारा’ कसा, असा त्याचा सरळ सवाल होता. मार्क्सच्या ग्रंथात ही प्रचलित बोली शिरू द्यायची नाही, हे त्याने पक्के ठरवले होते.

इंग्रजीत ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’ केले की हा वाद दिसेनासा होतो. कोण देतो आणि कोण घेतो, याचा त्या शब्दांत मागमूसही नाही. मराठीत ‘मालक’ म्हटले की तोच वाद उलट बाजूने निकाली निघतो. पिंपरीच्या एखाद्या गेटमीटिंगमध्ये ‘मालक’ हा शब्द कसा उच्चारला जातो हे ज्याने ऐकले आहे, त्याला वेगळे सांगायला नको. मूळ जर्मन शब्दात मालकाची जी पुण्याई आहे, ती मराठीत येताना व्हाया इंग्रजी पार धुऊन निघते. एरवी मला हा व्हाया मार्ग खटकतो, पण इथे तो बरा वाटला.

बाईंची खरी डोकेदुखी ‘बेट्रीब्सराट’ ही आहे. जर्मनीतल्या कारखान्यात सगळे कर्मचारी मिळून निवडतात ती ही परिषद. ती युनियन नव्हे आणि तिला संप पुकारता येत नाही. पण कुणालाही कामावरून काढण्याआधी तिचे म्हणणे ऐकावे लागते, नाही तर ती बडतर्फी कायद्याने रद्दबातल ठरते. शिफ्टच्या वेळा, जादा कामाचे तास, हजेरीचे यंत्र यांबाबतही तिच्या संमतीवाचून कंपनीला पाऊल टाकता येत नाही. इंग्रजीत हिला ‘वर्क्स काउन्सिल’ म्हणतात. आता हे परिपत्रक चाकणला पोहोचते. तिथला अधिकारी ‘वर्क्स काउन्सिल’ वाचतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने आणलेली वर्क्स कमिटी. शंभर किंवा अधिक कामगार असले की सरकार जी नेमायला सांगू शकते, ती. हिचे काम सलोखा राखण्याचे. नकाराधिकार वगैरे काही तिच्या वाट्याला आलेले नाही. काउन्सिल आणि कमिटी यांत फरक तो किती, असे वाटून तो पुढे जातो.

‘मिटबेश्टिमुंग’चेही तसेच होते. दोन हजारांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना, हा १९७६ चा जर्मन कायदा. इंग्रजी प्रतिशब्द ‘को-डिटरमिनेशन’. तो ऐकून कुणाच्या पोटात गोळा येत नाही, कारण तो काहीच सांगत नाही. मराठीत ‘कारभारातला निम्मा वाटा’ म्हटले तर पुण्यातल्या कुठल्याही बोर्डरूममध्ये चहाचे कप खाली ठेवले जातील. बाईंनी एकदा अशा ठिकाणी कंसात खुलासा जोडला होता. क्लायंटकडून उत्तर आले, की खुलासे नकोत, मान्य शब्दसूची वापरावी. तेव्हापासून त्या मान्य शब्दसूची वापरतात.

लोकांची गाडी

चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याचे उद्घाटन २००९ साली झाले. आता हा शब्द गाडीच्या नावापलीकडे कुणाच्या कानात शिरत नाही. ‘फोल्क’ म्हणजे लोक, ‘वागन’ म्हणजे गाडी. गाडीचा प्रकल्प हिटलरच्या काळातला. ती बांधण्यासाठी १९३८ साली वसवलेल्या गावाचे नावही आधी गाडीवरूनच होते, वोल्फ्सबुर्ग हे नाव त्याला १९४५ साली मिळाले. ‘फोल्क’ या शब्दाचा त्या बारा वर्षांत एवढा वापर झाला, की आजही जर्मन माणूस तो जरा जपून उच्चारतो.

बर्लिनच्या संसद भवनावर ‘जर्मन फोल्कला’ अशा अर्थाची अर्पणाक्षरे १९१६ पासून आहेत. हान्स हाके या कलावंताने २००० साली त्याच इमारतीच्या अंगणात दिव्यांची अक्षरे बसवली: ‘बेफ्योल्करुंगला’. म्हणजे जे कुणी इथे राहतात त्या सर्वांना, मग त्यांचे रक्त, पासपोर्ट किंवा आजोबांचे गाव काहीही असो. त्यावर संसदेत रीतसर वाद झाला, मतदान झाले आणि अगदी थोड्या मतांनी ही कलाकृती तरली. ‘पीपल’ आणि ‘पॉप्युलेशन’ या इंग्रजी जोडीतून त्या भांडणाचा जोर कळत नाही, कारण ‘पॉप्युलेशन’ म्हटले की जनगणना आठवते. आपल्याकडे ‘जनता’ आणि ‘रहिवासी’ म्हटले तर निदान ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न तरी ऐकू येतो.

आता महाराष्ट्राला जवळचा एक किस्सा. योहान कास्पार ब्लुंट्शली हा झुरिकमध्ये जन्मलेला, पुढे हायडेलबर्गला शिकवणारा राज्यशास्त्राचा पंडित. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून १८८५ साली निघाले आणि नंतर हिंदुस्थानातल्या विद्यापीठांत पोहोचले. भाषांतरात एक विचित्र अडचण होती. ब्लुंट्शलीच्या जर्मनमध्ये ‘नात्सिओन’ म्हणजे वंश, भाषा, चालीरीती यांनी बांधलेला सांस्कृतिक समूह, आणि ‘फोल्क’ म्हणजे राज्यात संघटित झालेले नागरिक. इंग्रजीत नेमके उलटे. म्हणून भाषांतरकारांनी ‘नात्सिओन’ला ‘पीपल’ केले आणि ‘फोल्क’ला ‘नेशन’. मूळ शब्दही सोबत दिले. कामात खोट काढायला जागा नाही.

माधव सदाशिव गोळवलकर यांचे इंग्रजी पुस्तक ‘वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ नागपुरातून १९३९ साली निघाले. राष्ट्र म्हणजे काय, हे ठरवताना त्यांनी पाश्चात्त्य पंडितांचे हवाले दिले, त्यांत ब्लुंट्शलीही आहे. पण त्याची जी व्याख्या तिथे राष्ट्रासाठी येते, ती इंग्रजी ग्रंथात ‘पीपल’ची आहे, राज्याच्या बंधनाशी तिचा संबंध नाही असे खुद्द तिच्यातच म्हटले आहे. नागरिकांचा समुदाय या अर्थाने ब्लुंट्शलीने ‘फोल्क’ची वेगळी व्याख्या केली होती, ती मागे राहिली. गोळवलकरांचा एकूण विचार या एका व्याख्येवर उभा होता असे मी म्हणणार नाही. ती नसती तर त्यांना दुसरी मिळाली असती. पण हायडेलबर्गच्या पंडिताची साक्ष म्हणून जे मांडले गेले, ते त्या पंडिताने दुसऱ्याच प्रश्नाला दिलेले उत्तर होते.

चौकातला ‘लढा’

अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी ‘माझा लढा’ मिळते. हिटलरच्या आत्मचरित्राचे हे मराठी नाव इतके रुळले आहे, की त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत १९३३ साली संक्षिप्त आवृत्ती आली तेव्हा ब्रिटनमध्ये तिचे नाव ‘माय स्ट्रगल’ होते आणि अमेरिकेत ‘माय बॅटल’. पुढे मात्र इंग्रजीने शीर्षकाचे भाषांतर करणे सोडूनच दिले. ‘माइन काम्फ’ तसेच ठेवले, ‘फ्यूरर’ तसाच ठेवला, ‘राइश’ तसेच ठेवले. हे शब्द परके राहावेत, आपल्या घरात त्यांनी पाय ठेवू नये, अशी ही सोय. प्रत्यक्षात जर्मनमध्ये ‘फ्यूरर’ म्हणजे वाट दाखवणारा, चालवणारा. वाहन परवान्याला आजही ‘फ्यूररशाइन’ म्हणतात आणि पुण्यातल्या वर्गांत या शब्दाला दर बॅचला हशा पिकतो. पूर्व जर्मनीचे कम्युनिस्ट सरकार तर आपल्या रेल्वेला अखेरपर्यंत ‘राइशबान’च म्हणत होते.

मराठीने उलट केले. ‘लढा’ हा आपल्याकडे मानाचा शब्द. संयुक्त महाराष्ट्राचा लढा, गिरणी कामगारांचा लढा, पाण्यासाठीचा लढा. त्याच रांगेत हे पुस्तक जाऊन बसले आणि तेही ‘माझा’ म्हणत. विक्रीची इतरही कारणे असतील, पण शीर्षकाने वाचकाला परके वाटू दिले नाही एवढे खरे. शब्द तसाच ठेवणे आणि शब्द आपला करून घेणे, यांतला फरक इतका लख्ख दुसरीकडे क्वचितच दिसतो. जाता जाता, ‘नेताजी’ ही उपाधीही सुभाषबाबूंना १९४२ साली बर्लिनमध्येच मिळाली, तिथल्या हिंदी सैनिकांत आणि कचेरीत. शेजारी ‘फ्यूरर’चा घोष चालू असताना त्यांना तिथे ‘जी’ जोडलेला एक घरगुती शब्द सापडला.

चाकणचा कांदा आणि एक ग्रीक शब्द

कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत १९३१ साली आला. तो आणणारे डॉ. गंगाधर अधिकारी त्या वेळी मीरत कटातले आरोपी होते. रसायनशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी बर्लिनमध्ये मिळवली होती, तिथल्या कम्युनिस्ट पक्षात वावरले होते, १९२८ च्या अखेरीस परतले आणि मार्च १९२९ मध्ये पकडले गेले. म्हणजे जर्मन पुस्तकाला मराठीत जर्मन जाणणारा माणूस लाभला. असे पुन्हा फारसे घडले नाही. आपली बरीचशी मार्क्सवादी परिभाषा इंग्रजीवरून बेतली गेली. त्यातली काही कारागिरी झकास आहे. ‘मेअरवेर्ट’चे इंग्रजीत ‘सरप्लस व्हॅल्यू’ झाले आणि मराठीने त्यावर ‘वरकड मूल्य’ हा तोडीस तोड शब्द दिला.

पण इंग्रजीत जे वाकले ते पुढेही वाकडेच गेले. जाहीरनाम्याचे प्रमाण इंग्रजी भाषांतर सॅम्युअल मूरचे, १८८८ चे, एंगल्सने नजरेखालून घातलेले. त्यात ग्रामीण जीवनाला ‘इडियसी’ चिकटली. खेडुतांना मार्क्सने मूर्ख म्हटले, हा समज तिथून जगभर गेला. हाल ड्रेपर या अमेरिकी अभ्यासकाने नंतर दाखवून दिले, की मूळ जर्मन शब्द ‘इडिओटिस्मुस’ आहे आणि त्या काळी त्यात ग्रीक अर्थ जिवंत होता: सार्वजनिक व्यवहारापासून तुटलेला, आपल्यापुरते पाहणारा. खेड्यातला माणूस बुद्धीने कमी आहे असे ते विधान नव्हते, तो जगापासून तोडला गेला आहे असे होते.

याचा पुण्याशी संबंध काय, तर चाकण. आज जिथे जर्मन गाड्या तयार होतात त्या चाकणच्या बाजारात शरद जोशींनी १९७९-८० च्या सुमारास कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे केले. शेतकरी अडाणी किंवा आळशी म्हणून गरीब नाही, त्याच्या मालाला भाव मिळू न देणे हे धोरणच आहे, ही त्यांची मांडणी. डाव्या पक्षांशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. ते वाद एका शब्दाच्या भाषांतराने मिटले असते असे समजणे बालिश होईल. तरीही शहरी, शिकलेला डावा कार्यकर्ता खेड्याकडे ज्या नजरेने बघत आला, तिला मार्क्सच्या नावाचा जो शिक्का मिळाला होता, तो मूरच्या इंग्रजीतून उमटलेला होता.

चाकणच्या रस्त्यावर दुसराही एक शब्द आठवतो. ‘कॅपिटल’मध्ये भांडवलाचा पहिला गल्ला कसा जमला याचे जे प्रकरण आहे, त्याला इंग्रजीत ‘प्रिमिटिव्ह अक्युम्युलेशन’ म्हणायची पद्धत पडली. ‘प्रिमिटिव्ह’ म्हटले की आदिम काळ डोळ्यांपुढे येतो, दगडी हत्यारे वगैरे. मूळ जर्मन विशेषण नुसते ‘आरंभीचा, मुळातला’ एवढेच सांगते. आणि मार्क्स त्याच्याआधी ‘तथाकथित’ लावायला विसरत नाही. पॉल राइटर यांच्या २०२४ च्या नव्या इंग्रजी भाषांतरात ‘ओरिजिनल’ आले आहे. तळेगाव-चाकण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक संपादित होत गेले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापैकी काहींची मुले आज त्याच कंपन्यांत कंत्राटी आहेत, काहींनी मोबदल्यातून टेम्पो घेऊन वाहतुकीची कंत्राटे मिळवली. हे प्रकरण आदिम काळातले नाही, एवढे तिथल्या चहाच्या टपरीवर बसले तरी समजते.

कवट्या मोजणाऱ्या बाई

जर्मन राजकीय शब्दांशी थेट, इंग्रजीला बाजूला ठेवून भिडलेले पुण्यातले नाव म्हणजे इरावती कर्वे. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या. दालेम भागात तेव्हा नुकतीच मानवशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था उघडली होती. तिच्या नावातच आनुवंशिकता आणि ‘ऑयगेनिक’ हे शब्द होते आणि प्रमुख होते ऑयगेन फिशर. पुढे नाझी राजवटीत याच फिशरना बर्लिन विद्यापीठाचे प्रमुखपद मिळाले. कर्व्यांना विषय मिळाला मानवी कवटीच्या असमानतेचा. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात असते आणि त्यावरून त्यांची बुद्धी ठरते, अशी फिशरची कल्पना होती. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा कोणताही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. विशीतली मराठी मुलगी, परक्या भाषेत, खुद्द मार्गदर्शकाच्या विरोधात.

त्या काळच्या जर्मनमध्ये ‘रासे’ हा शब्द होता आणि ‘रासेनह्युगिएने’ हाही, म्हणजे वंशाची स्वच्छता. आल्फ्रेड प्ल्योत्सने तो १८९५ साली रूढ केला. इंग्रजीत त्याचे बहुधा ‘युजेनिक्स’ होई आणि मराठीत त्यावरून ‘सुप्रजाजनन’. घाण, स्वच्छता, वंश ही सगळी जर्मन दुर्गंधी दोन पायऱ्यांत नाहीशी झाली आणि उरली चांगली संतती, जिच्याबद्दल कुणाची तक्रार असणार?

ज्याच्या नावाने भारतातल्या गोएथे संस्था ओळखल्या जातात तो माक्स म्युलर या बाबतीत आधीच सावध झाला होता. ‘आर्य’ हे भाषाकुलाचे नाव आहे, रक्ताचे किंवा कवटीच्या आकाराचे नव्हे, हे त्याने १८८८ साली चांगल्या कडक शब्दांत लिहिले. तोवर उशीर झाला होता. हा शब्द युरोपभर फिरून पुण्यात परतला होता आणि इथे त्याच्याभोवती ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची वेगळीच गरमी होती. कर्वे १९३९ साली डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि त्यांनी मोजमापाची हत्यारे इथेही वापरली, जातींची, जमातींची मापे घेतली. बर्लिनच्या त्या शाळेपासून त्या पूर्ण सुटल्या का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला त्यांचा प्रबंधच जास्त बोलका वाटतो. शब्दाचे भाषांतर करत बसण्यापेक्षा तो ज्या गोष्टीकडे बोट दाखवतो ती गोष्ट आहे का, हे त्यांनी पट्टी लावून पाहिले.

पाहुणा

जानेवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या भाषातज्ज्ञांच्या मंडळाने मागच्या वर्षाचा ‘उनवोर्ट’, म्हणजे सर्वांत आक्षेपार्ह शब्द, जाहीर केला: ‘रेमिग्रात्सिओन’. बाहेरून आलेल्यांना, त्यांत जर्मन नागरिकत्व मिळालेलेही आले, घालवून देण्याच्या योजनेला उजव्या गटांनी दिलेले हे शास्त्रीय नाव. इंग्रजीत त्याचे ‘रिमायग्रेशन’ होते, एका अक्षराच्याही खळखळीशिवाय, आणि ते एखाद्या लोकसंख्याशास्त्राच्या प्रकरणासारखे वाचले जाते. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा सामंजस्य करार केला, पहिला आकडा दहा हजारांचा. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक.

त्यामुळे डेक्कन परिसरातल्या संध्याकाळच्या वर्गात आता अभियंत्यांशेजारी आयटीआय झालेली मुलेही बसतात, बरीचशी जिल्ह्यांतून आलेली. त्यांच्या शब्दवहीत ‘फाखक्राफ्ट’ पहिल्या पानावर असतो, कुशल कामगार. ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणा कामगार, हा शब्द वर्गाला शिकवणाऱ्या मॅडम इतिहास म्हणून सांगतात: १९५५ पासून इटली, तुर्कस्तान वगैरे देशांतून माणसे आणली, १९७३ साली दार लावले, आणि त्यांतले बरेच पाहुणे काही परत गेले नाहीत. पाहुण्याने जायचे असते हे मराठी मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

मला अधिक रस दोन कायद्यांच्या नावांत होता. २००५ साली अमलात आलेल्या कायद्याच्या नावात ‘त्सुवांडरुंग’ होते, २०२० च्या कायद्याच्या नावात ‘आइनवांडरुंग’. पहिल्यात नुसती आवक आहे, येऊन भर पडणे. दुसऱ्यात आत येऊन वसणे आहे. आपण स्थलांतरितांनी येऊन वसण्याचा देश नाही, असे जर्मन नेते कित्येक दशके ठासून सांगत होते. ‘आइन’ हा उपसर्ग कायद्याच्या नावात यायला त्यांना त्या सगळ्या काळातून जावे लागले. इंग्रजीत दोन्ही ‘इमिग्रेशन’. व्हिसाची माहितीपत्रके इथे इंग्रजीतच वाचली जातात.

मॅडमना मी विचारले, हे वर्गात सांगता का? त्या म्हणाल्या, वेळ मिळाला तर. बी-वन परीक्षेत पत्र लिहायचे असते, घरमालकाला, नाही तर कामावरच्या साहेबाला. त्यात राजकारण येत नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने, तो वायरमनचे काम शिकायला श्टुटगार्टला निघाला आहे, हात वर करून विचारले की ‘रेमिग्रात्सिओन’चे लिंग कोणते. स्त्रीलिंगी, मॅडमनी सांगितले, शेवटी ‘त्सिओन’ असलेले सगळे स्त्रीलिंगी, ‘इंटेग्रात्सिओन’सुद्धा. त्याने दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून घेतले आणि वर्ग क्रियापदांकडे वळला.